‘ब्याड’ म्हणायला शिकवणारी ताई

गेल्या काही वर्षांत आपल्या भागातील पदवीधर मुलींना एक नवी नोकरी मिळू लागली आहे. स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेल्या मुलांच्या केंद्रात किंवा त्यांच्या घरी जाऊन रोज दोन-तीन तास त्यांना शिकवायचे. जाहिरातीत पद असते ‘थेरपिस्ट’, कधी ‘शॅडो टीचर’. परदेशात याच कामाला ‘बिहेविअर टेक्निशियन’ म्हणतात. घरातली माणसे मात्र ‘थेरपीवाली ताई’ म्हणून मोकळी होतात.

मी महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवते. माझ्या वर्गातून बाहेर पडलेल्या काही मुली आज हे काम करतात. बाजारात, लग्नकार्यात भेटल्या की त्या प्रश्न घेऊनच येतात. ‘मॅडम, पुस्तकात स्किनरचा उंदीर होता. इथे सहा वर्षांचा मुलगा आहे, तो स्वतःचा हात चावतो. आता काय करू?’

या कामात योजना आखणारा तज्ज्ञ वेगळा असतो. ती रोज राबवणारी ही ताई असते. शिडीची ती सर्वांत खालची पायरी. पण मुलाबरोबर सर्वांत जास्त तास तीच बसते. म्हणून आजचा लेख या तायांसाठी, आणि तितकाच, ज्या घरांची दारे त्या वाजवतात त्या घरांसाठी.

‘हट्टी’ हे वर्तन नव्हे

या शास्त्राचे नाव ‘अप्लाइड बिहेविअर अ‍ॅनालिसिस’. केंद्रात सगळे ‘एबीए’ म्हणतात, मराठीत उपयोजित वर्तन विश्लेषण म्हणू. याचा पाया बी. एफ. स्किनर (१९०४–१९९०) या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने घातला. एखादी कृती केल्यावर काय घडते, यावर ती कृती पुन्हा होणार की नाही हे ठरते, असे त्याने प्रयोगशाळेत दाखवले. दांडी दाबली, दाणा मिळाला, की उंदीर पुन्हा दांडी दाबतो. पुढे १९६८ साली कॅन्सस विद्यापीठातील डोनाल्ड बेअर, मॉन्ट्रोज वुल्फ आणि टॉड रिस्ली यांनी हे तत्त्व माणसांच्या रोजच्या जगण्यात कसे वापरावे याच्या कसोट्या लिहून ठेवल्या. त्यांतल्या तीन ताईने पाठ कराव्यात. जे शिकवायचे ते त्या माणसाच्या उपयोगाचे हवे. ते मोजता यायला हवे. आणि झालेला बदल केंद्राबाहेरही टिकायला हवा.

मोजायचे म्हटले की पहिली अडचण आपल्या भाषेचीच येते. ‘मुलगा हट्टी आहे’, ‘मारकुटा आहे’, ‘मूड नव्हता’ असे वहीत लिहून चालत नाही, कारण हट्ट मोजता येत नाही. ‘सकाळी दहा ते अकरा या वेळात चार वेळा उजव्या हाताचा चावा घेतला’ हे मोजता येते. मोजण्याचे प्रकार साधेच आहेत. किती वेळा झाले, किती वेळ चालले, आणि सांगितल्यापासून किती वेळाने केले. कसोटी एवढीच की, दोन माणसांनी वेगवेगळे बसून पाहिले तर दोघांच्या वहीत सारखेच आकडे आले पाहिजेत.

हे वरवर कारकुनी काम वाटते, पण त्यात मुलाचे मोठे हित आहे. ‘हट्टी’ म्हटले की दोष मुलाच्या स्वभावात जातो आणि शोध तिथेच थांबतो. ‘चार वेळा’ म्हटले की पुढचा प्रश्न आपोआप येतो, की कोणत्या चार वेळा?

आधी काय, नंतर काय

त्यासाठी वहीत तीन रकाने आखायचे. पहिल्यात वर्तनाच्या लगेच आधी काय झाले ते, मधल्यात वर्तन, तिसऱ्यात लगेच नंतर काय झाले ते. मत लिहायचे नाही, कारण लिहायचे नाही. फक्त जे दिसले ते.

आठ-दहा दिवसांच्या अशा नोंदी झाल्या की तज्ज्ञ त्यात नेमके काय शोधतो? तो शोधतो, की या वर्तनातून मुलाला मिळते काय. उत्तरे साधारण चार प्रकारची असतात. कोणाचे तरी लक्ष मिळते. नको असलेल्या कामातून सुटका मिळते. हवी ती वस्तू मिळते. किंवा त्या कृतीतच शरीराला काही बरे वाटते, समोर कोणी असो वा नसो.

१९८२ साली ब्रायन इवाटा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बाल्टिमोरमध्ये, स्वतःला इजा करून घेणाऱ्या नऊ मुलांवर एक अभ्यास केला. प्रत्येक मुलाला वेगवेगळ्या परिस्थितींत ठेवून पाहिले. एकदा इजा केली की लक्ष द्यायचे, एकदा काम द्यायचे आणि इजा केली की ते थांबवायचे, एकदा एकटे ठेवायचे, एकदा नुसते खेळू द्यायचे. दिसले असे की, बहुतेक मुलांत हे वर्तन एखाद्या ठरावीक परिस्थितीतच वाढत होते, आणि ती परिस्थिती सर्वांची एकच नव्हती. वरून सारखे दिसणारे वर्तन आतून निराळे असू शकते, हा धडा त्यातून मिळाला.

आपल्या घरातले उदाहरण घ्या. दोन मुले ताट भिरकावतात. पहिल्याने ताट फेकले की घरातले सगळे धावत येतात. दुसऱ्याला वांग्याची भाजी नको आहे. त्याने ताट फेकले की त्याला पानावरून उठवतात. दोघांनाही ‘जा, कोपऱ्यात बस’ अशी शिक्षा केली तर काय होईल? पहिल्याचे प्रेक्षक गेले, म्हणून कदाचित उपयोग होईल. दुसऱ्याला मात्र आपण हवे तेच दिले, कारण त्याला पानावरून उठायचेच होते. शिक्षा म्हणून दिलेली गोष्ट त्याला बक्षीस ठरली. म्हणून कारण कळल्याशिवाय उपाय करू नये, हा या कामातला पहिला नियम.

इथे एक सावधगिरी. अचानक सुरू झालेले डोके आपटणे किंवा रडणे यामागे कानदुखी, दातदुखी, बद्धकोष्ठ असे काही असू शकते. बोलता न येणारे मूल दुखणे सांगू शकत नाही. म्हणून रकाने आखण्याआधी डॉक्टरांना दाखवायचे.

बसमधला मोबाईल

आता परिणामांकडे येऊ. एखाद्या वर्तनानंतर असे काही घडले की ते वर्तन पुढे वाढले, तर त्याला पुस्तकात ‘प्रबलन’ म्हणतात, केंद्रात ‘रीइन्फोर्समेंट’. बक्षीस आणि प्रबलन यांत फरक आहे. बक्षीस देणारा ठरवतो. प्रबलन झाले की नाही हे मुलाचे पुढचे वर्तन ठरवते. ताईने चॉकलेट दिले, पण मुलाला चॉकलेट आवडतच नसेल, तर ते प्रबलन नव्हे. एखाद्याला गोल फिरणारे झाकण पाच सेकंद पाहायला मिळणे याहून मोठे काही नसते.

प्रबलन दोन प्रकारचे. काही हवेसे मिळाले म्हणून वर्तन वाढते ते धन प्रबलन. काही नकोसे टळले म्हणून वाढते ते ऋण प्रबलन. परीक्षेत दरवर्षी निम्मी मुले ऋण प्रबलन म्हणजे शिक्षा असे लिहितात. ते चूक आहे. शिक्षेने वर्तन कमी होते. प्रबलन धन असो वा ऋण, वर्तन वाढतेच.

हुबळीच्या बसमधले दृश्य आठवा. पोर रडते, सगळी बस वळून बघते, आई पर्समधून मोबाईल काढून देते, पोर गप्प. पोराला रडल्यावर मोबाईल मिळाला, म्हणजे त्याचे रडणे वाढणार. हे धन प्रबलन. आईचा त्रास मोबाईल दिल्यावर थांबला, म्हणजे तिचे मोबाईल देणे वाढणार. हे ऋण प्रबलन. एका प्रसंगात दोघेही शिकले. यात आईला बोल लावण्यासारखे काही नाही. तिच्या जागी कोणीही हेच करील. पण घरात अशी साखळी कशी तयार होते हे ताईला दिसले पाहिजे, आणि ती सोडवताना आईला कमी न लेखता बोलता आले पाहिजे.

दुसरी गोष्ट, देण्याची वेळ. काम झाल्यावर दोन-तीन सेकंदांत मिळाले तर मुलाला त्याचा संबंध कळतो. संध्याकाळी बाबा येतील तेव्हा देऊ, हे त्याच्यासाठी फार लांब असते. आणि दहा वेळा नाही म्हणून अकराव्यांदा दिले, तर मूल अकरा वेळा मागायला शिकते.

डेव्हिड प्रीमॅक यांनी १९५९ साली मांडलेले एक तत्त्व घरोघरी वापरात आहे. मूल जे आपणहून करते, ते कमी आवडत्या कामाच्या मागे ठेवायचे. आधी दोन घास, मग झोपाळा. अमेरिकेत याला ‘आजीचा नियम’ म्हणतात. आपल्या आज्यांनी प्रीमॅक वाचलेला नाही, तरी त्यांचा नियम हाच.

बंद करण्याआधी दुसरे द्या

आता या कामाचा गाभा. समजा, रकान्यांवरून कळले की मुलगा काम टाळण्यासाठी हात चावतो. मग चावणे कसे बंद करायचे? पूर्वीचे उत्तर होते, चावला तरी काम सोडू नका. एडवर्ड कार आणि मार्क डुरांड यांनी १९८५ साली चार मुलांबरोबरच्या कामातून अधिक चांगले उत्तर दिले. त्यांनी मुलांना तेच मागणे दुसऱ्या रीतीने मागायला शिकवले. ज्याला काम अवघड जात होते त्याला मदत मागायला, ज्याला लक्ष हवे होते त्याला ‘माझे बरोबर आहे का’ असे विचारायला. कारणाला जुळणारे शब्द मिळाले तेव्हा त्रासदायक वर्तन खूप घटले. न जुळणारे शब्द शिकवले तेव्हा घटले नाही.

माझ्या एका विद्यार्थिनीने हेच एका घरात केले. घरच्यांच्या परवानगीने, ओळख न सांगता लिहिते. घर आपल्यासारखेच दोन भाषांचे. आई मराठी, अज्जी कन्नड बोलणारी. मुलगा सहा वर्षांचा, मोजके शब्द येणारा. लिहायला बसवले की तो हात चावायचा, वळ उठेपर्यंत. मग अज्जी ‘ब्याड, ब्याड, साकु’ म्हणत त्याला उचलून न्यायची. आठ दिवसांच्या नोंदींत बहुतेक वेळा पहिल्या रकान्यात पाटी होती आणि तिसऱ्यात अज्जीची कड.

देखरेख करणाऱ्या बाईंनी योजना दिली, की मुलाला ‘नको’ म्हणायला शिकवा. कोणत्या भाषेत, असा प्रश्न आला. अज्जीच्या तोंडून तो जो शब्द रोज ऐकत होता तोच घेतला, ‘ब्याड’. शब्द फुटेना तेव्हा लाल कार्ड हातात दिले. पाटी पुढे आली, की चावण्याच्या आधीच ताई त्याचा हात हलकेच कार्डाकडे न्यायची, ‘ब्याड’ म्हणायची, आणि पाटी लगेच बाजूला ठेवायची.

घरात वाद झाला. वडील म्हणाले, ‘अहो, नको म्हणायला शिकवायला आम्ही पैसे देतो का? असाच नको म्हणत राहिला तर लिहिणार कधी?’ प्रश्न खोटा नव्हता. पहिले काही दिवस मुलगा दिसेल त्याला कार्ड दाखवत होता आणि दर वेळी पाटी उचलली जात होती. मग ताईने एक रेघ काढून झाल्यावर कार्ड पुढे केले. पुढे दोन रेघा, मग एक अक्षर. पाटी संपते आणि ती आपण संपवू शकतो हे कळल्यावर मुलगा पाटीसमोर बसू लागला. चावणे थांबले का? पूर्ण नाही. तापात, जागरण झाल्यावर अजून चावतो. पण वळ उठत नाहीत, आणि एका सकाळी त्याने कार्डाशिवाय, तोंडाने, अज्जीला ‘ब्याड’ म्हटले. तिने पुढे केलेल्या दुधाला. अज्जीने ते दूध परत नेले. मला या गोष्टीत सर्वांत मोठी वाटते ती ही, की घरातल्या मोठ्या माणसाने मुलाचा नकार ऐकला.

काही वर्षांनी हाच मुलगा मोठा होईल, परक्या माणसांत वावरेल. कोणी नकोसा हात लावला तर त्याला ‘नको’ म्हणता यायला हवे. ज्याला आपण फक्त ऐकायला शिकवले, तो तिथेही ऐकेल. वडिलांच्या प्रश्नाचे पुरे उत्तर हे आहे.

पाणी, नीर, वॉटर

आपल्या सीमाभागात एक सल्ला अनेक घरांना मिळतो, की मुलाला स्वमग्नता आहे, घरात एकच भाषा बोला. मग कुठे अज्जीला गप्प बसवले जाते, कुठे आई स्वतःला नीट न येणाऱ्या इंग्रजीत मुलाशी बोलू लागते. २०१२ च्या सुमारास कॅनडातील संशोधकांनी एका भाषेत व दोन भाषांत वाढणाऱ्या स्वमग्न मुलांची तुलना केली. दोन भाषांमुळे भाषाविकास अधिक मागे पडल्याचे त्यांना आढळले नाही. तेव्हा ज्या भाषेत माया करता येते ती भाषा मुलाशी बोलावी. अज्जीला गप्प करण्याचे काही कारण नाही.

ताईने मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवावी. केंद्रात चित्र दाखवून ‘वॉटर’ म्हणायला शिकलेले मूल घरी येऊन ‘पाणी’ मागेलच असे नाही, आणि अज्जीने ‘नीर बेकेन?’ विचारले तर गप्प राहील. ट्रेव्हर स्टोक्स आणि डोनाल्ड बेअर यांनी १९७७ साली याच खोडीवर बोट ठेवले होते. शिकवायचे आणि पुढे आपोआप पसरेल अशी आशा करायची, असे चालत नाही. पसरण्याचीही योजना करावी लागते. म्हणून तीन शब्द, तीन माणसे, तीन जागा असा सराव ठेवायचा. स्टीलचा तांब्या, प्लॅस्टिकची बाटली, शाळेतला नळ, सगळीकडे.

हात धरणे आणि हात सोडणे

‘हात धू’ हे आपल्याला एक काम वाटते. ताईने ते फोडून पाहावे. नळ सोडणे, हात ओले करणे, साबण घेणे, चोळणे, धुणे, नळ बंद करणे, पुसणे. सात पायऱ्या. एका वेळी एक शिकवायची. कधी शेवटची पायरी आधी शिकवतात, म्हणजे काम पुरे केल्याचे समाधान मुलाला पहिल्या दिवसापासून मिळते.

मदतीच्याही पायऱ्या असतात. हातावर हात ठेवून करून घेणे, मनगटाला नुसता स्पर्श, बोटाने दाखवणे, शब्दाने सांगणे, नुसते थांबणे. मदत जितकी कमी तितकी बरी, आणि ती दिवसेंदिवस काढून घ्यायची. सायकल शिकवणारा कॅरिअर केव्हा सोडतो ते त्याला ठाऊक असते, तसे. ज्या मुलाचा हात वर्षभर ताईच्या हातात राहिला, ते मूल हात धुवायला शिकले नाही, ताईची वाट पाहायला शिकले. आणि मुलाने हात मागे ओढला तर जबरदस्तीने धरायचा नाही.

आणखी एक धोक्याची खूण. ज्या वर्तनाला आजवर काही मिळत होते ते मिळणे बंद केले, की ते वर्तन थांबण्याआधी कधी कधी उसळते. दिवा लागत नाही तेव्हा आपण बटण चार वेळा दाबतो ना, तसेच. रडणारे मूल आधी जास्त मोठ्याने रडते. त्या उसळीत घरातला एखादा जण विरघळला, तर मोठे रडणेच पक्के होते. म्हणून असा उपाय सगळ्या घराने मिळून ठरवल्याशिवाय सुरू करू नये. मूल स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करत असेल, तर नव्या ताईने ‘दुर्लक्ष करा’ हा उपाय स्वतःच्या जबाबदारीवर मुळीच करू नये.

काळी बाजूही सांगायला हवी

या शास्त्राचा इतिहास सगळाच अभिमानाचा नाही. कॅलिफोर्नियातील इव्हार लोवास यांनी १९८७ साली एक गाजलेला अभ्यास प्रसिद्ध केला. चार वर्षांखालील १९ मुलांना आठवड्याला सुमारे ४० तास, दोन वर्षे किंवा अधिक शिकवले. त्यांतील नऊ जण नेहमीच्या शाळेत पहिली पास झाले आणि बुद्धिमापनात सर्वसाधारण ठरले. यातून जगभरच्या पालकांना आशा मिळाली. पण मुलांचे गट चिठ्ठ्या टाकून केलेले नव्हते, आणि त्या उपचारात जोराने ‘नो’ म्हणणे, मांडीवर चापट मारणे हेही होते. त्याआधीच्या काळात तर विजेचे झटकेही वापरले गेले. नंतरच्या अभ्यासांत फायदा दिसला, पण एवढा मोठा नाही आणि सर्व मुलांत सारखा नाही.

लहानपणी अशा पद्धतीतून गेलेली काही स्वमग्न माणसे आज मोठी होऊन बोलत आहेत. ती म्हणतात, आम्हाला सारखे इतरांसारखे दिसायला लावले. हात फडफडवणे आम्हाला शांत करत होते, तेच बंद केले. डोळ्यांत बघ, डोळ्यांत बघ म्हणून छळले. हे ऐकून घेतलेच पाहिजे. बेअर, वुल्फ आणि रिस्ली यांची पहिलीच कसोटी होती, की शिकवायचे ते त्या माणसाच्या उपयोगाचे हवे. हात फडफडल्याने कोणाला इजा होत नाही, शिकणे अडत नाही. मग ते थांबवून सोय कोणाची होते? पाहुण्यांची? तसे असेल तर पाहुण्यांना समजावणे सोपे.

दोन शब्द तायांना, दोन घरांना

तायांनो, अमेरिकेत या पायरीसाठी ‘रजिस्टर्ड बिहेविअर टेक्निशियन’ ही नोंदणी २०१४ पासून आहे. तिला ४० तासांचे प्रशिक्षण, प्रत्यक्ष कामाची तपासणी आणि परीक्षा लागते, आणि नंतरही दर महिन्याच्या कामाच्या तासांपैकी किमान ५ टक्के तास देखरेखीखाली करावे लागतात. २०२३ पासून ती संस्था भारतात राहणाऱ्या नव्या उमेदवारांचे अर्ज घेत नाही. तेव्हा त्या नावाची ‘आंतरराष्ट्रीय मान्यता’ देतो असे सांगून कोणी पैसे मागितले तर चौकशी करा. तिथले नियम मात्र आपण इथेही पाळू शकतो. देखरेखीशिवाय काम करू नका. योजना मनाने बदलू नका. निदान सांगू नका, ‘सहा महिन्यांत बरा होईल’ असे वचन देऊ नका. न घेतलेले आकडे वहीत भरू नका. आणि एका घरातली गोष्ट दुसऱ्या घरात नेऊ नका. आपले गाव एवढे लहान आहे, की कल्याण मंटपात तुम्ही नाव न घेता सांगितले तरी चार बायका घर ओळखतात.

घरच्यांनो, तुमचा हक्क मोठा आहे. भारताच्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत स्वमग्नतेचा समावेश आहे. निदानासाठी बेंगळूरूची निम्हान्स, मैसूरची वाक्-श्रवण संस्था अशा सरकारी संस्था आपल्याच राज्यात आहेत. घरी येणाऱ्या ताईवर देखरेख कोण करते, त्या व्यक्तीची भारतीय पुनर्वसन परिषदेकडे नोंदणी आहे का, हे विचारा. वही बघायला मागा. शिकवत असताना खोलीत बसायला मिळाले पाहिजे. दार लावून शिकवतो म्हणणाऱ्या ठिकाणी मूल ठेवू नका. मारणे, कोंडणे, उपाशी ठेवणे याला उपचार म्हणत नाहीत. आणि ताईलाही माणसासारखे वागवा. ती तुमच्या मुलासाठी चावे सहन करते.

पुढच्या आठवड्यासाठी एक काम देते. ज्यांच्या घरी असे मूल आहे त्यांनी, आणि नसेल त्यांनीही, वहीच्या एका पानावर तीन रकाने आखावेत. घरातल्या कोणा एकाचे एकच वर्तन निवडावे. मुलाचे जेवताना उठणे चालेल, यजमानांचे पेपर वाचताना ‘हं’ म्हणणे चालेल, स्वतःचे ओरडणे तर फारच चांगले. आठ दिवस फक्त आधी काय झाले आणि नंतर काय झाले ते लिहावे. आठव्या दिवशी पान वाचून झाल्यावरच ठरवावे, की त्या माणसाला हट्टी म्हणायचे की आणखी काही.